जोडीतली धाकटी

“पुन्हा,” प्रशिक्षक म्हणाले.

सकाळपासूनची ही सहावी खेप. दादाने वेग घेतला, धाकट्या बहिणीच्या कमरेला हात लावले, ती त्याच्या छातीपर्यंत वर आली आणि त्याने तिला परत बर्फावर ठेवलं. खांद्याच्या वर ती गेलीच नाही. निवड स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती.

ती सात वर्षांची आणि दादा अकराचा असल्यापासून दोघं जोडीने स्केटिंग करत होते. वडील बस चालवायचे. पहिल्या फेरीआधी ते दोघांना रिंकवर सोडत. आई पोशाख घरीच शिवायची आणि टिकल्या लावता लावता दोघांची भांडणं सोडवायची. तेरा वर्षांत दादाने तिला किती वेळा डोक्यावर उचललं असेल, याला गणतीच नव्हती. पडली ती एकदाच, गेल्या हंगामात, भर स्पर्धेत. दादाच्या स्केटचं पातं बर्फातल्या खाचेत अडकलं आणि ती त्याच्या डोक्यावरून थेट तोंडावर आपटली. गालाचं हाड मोडलं. ती तीन दिवस दवाखान्यात होती. दादा दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत काही आला नाही.

पाच महिन्यांनी ती बर्फावर परतली तेव्हा आपल्याला भीती वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. पण दादाचे हात कमरेला लागले की त्यांची थरथर तिला पोशाखातूनही जाणवायची. तो त्याबद्दल कुणाशी बोलला नाही. तीही नाही.

सातव्या खेपेलाही तेच झालं. प्रशिक्षकांनी दोघांना कठड्याशी बोलावलं. म्हणाले, तुमच्यातलं कुणीतरी एक कच खातंय. कोण, ते मला आत्ता कळायला हवं.

दादा खाली बघत होता. त्या गारठ्यातही त्याच्या कपाळावर घाम होता. तो आता खरं सांगणार, हे तिच्या लक्षात आलं. आणि एकदा सांगितलं की कुठलीच मुलगी त्याच्या हातांवर विसंबणार नाही, हेही.

“मी,” ती म्हणाली. “मला वर जायची भीती वाटते.”

दादाने मान वर केली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. महिन्याभरात दादाला नवी जोडीदार मिळाली, सोळा वर्षांची, अंगाने हलकी. तिला उचलताना त्याचे हात थरथरले नाहीत. ती कधी त्याच्या हातून पडलीच नव्हती. दोन वर्षांनी त्यांना पदक मिळालं. आई आल्यागेल्याला ते दाखवायची आणि मुलीचा विषय निघाला की म्हणायची, “हिच्यातही होतं हो सगळं. पण भित्री निघाली.” मुलगी ऐकून घ्यायची. एव्हाना ती त्याच रिंकवर लहान मुलांना शिकवू लागली होती.

अकरा वर्षांनी दादाने स्पर्धा सोडल्या. पुढच्याच रविवारी तो घरी आला आणि जेवणं झाल्यावर, तिच्यासमोरच, त्याने आईला सगळं सांगून टाकलं. हात आपले थरथरत होते, ही आपल्यासाठी खोटं बोलली.

आई ताटं गोळा करत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मला माहीत होतं,” आई म्हणाली. “तेव्हा तू कप उचललास तरी बशी वाजायची. मला कळणार नाही होय?”

“मग हिला भित्री का म्हणत राहिलीस?”

आईने ताटं ओट्यावर ठेवली. “लोक विचारायचे. काहीतरी सांगावं लागायचं. तुला ते झेपलं नसतं, हिला झेपेल असं वाटलं. मग तोंडात तेच बसलं.”

बहीण उठली, कोट घातला, अडीचचा वर्ग आहे म्हणाली. दादा सोडायला निघाला, तर चालतच जाते म्हणाली.

रिंकवरचा बर्फ नुकताच गुळगुळीत केला होता. मुलं स्केट्स घालून फाटकाशी ताटकळत होती. तिने फाटक उघडलं, त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि आधी एकटीच आत गेली. कोऱ्या बर्फावर तिच्या मागे दोन बारीक रेघा उमटत गेल्या.