टर्बाइनपुढचं गाऱ्हाणं

गुणाजीने झेंडूची माळ टर्बाइनच्या पाठीवरून भिरकावली. पलीकडे उभ्या गोविंदाने ती झेलली, ताणली आणि लोखंडी कड्याला गाठ मारली. टर्बाइन गार पडलेलं होतं म्हणून हे जमलं. एरवी त्याच्या इतक्या जवळ उभं राहायची सोय नव्हती. पण तूस पुरवणाऱ्या भातगिरण्यांनी उधारी बंद केली आणि खांब गावाजवळची ही वीज कंपनी नावापुरती उरली. भाताच्या तुसावर गावंच्या गावं उजळायची, असा तिचा सुरुवातीचा थाट. सध्या त्या तुसावर एवढंच होत होतं, कँटीनच्या बायजाबाईच्या शेगडीवरचा चहा.

ती चहा घेऊन आली तेव्हा गोविंदा मोबाइलकडे बघत होता.

“डोलवीवाल्याचा फोन काय रं?”

“व्हय. तिथल्या कारखान्याचा ठेकेदार म्हनतो, आज सांजच्याला काय ते सांग. फिटरच्या जागेवर दुसरे टपून बसलेत.”

“मग सांग की येतो म्हणून. तुला तुझ्या गावावरनं, जित्यावरनं, डोलवी जवळ. रोज हितं यायला रोह्याची गाडी धरनं तरी सुटंल.”

“आन मी गेल्यावर हितं चालू झालं तर?” गोविंदाने टर्बाइनवर हात ठेवला. “ह्याचा बोल्ट न् बोल्ट माझ्या हातानं बसवलाय, काकी. बंद पडलं तर पडलं. पन खरं काय ते कुनीतरी सांगावं ना.”

खरं सांगणं, नेमकं तेवढंच साहेब लोकांना जमत नव्हतं. मुंबईचं हेड ऑफिस म्हणे, पैसे येतायत. मॅनेजर हैबतराव म्हणत, हेड ऑफिस म्हणतंय की पैसे येतायत. कुणी विचारायला गेलं की साहेब मागच्या फाटकाने पसार. माणूस साताऱ्याकडचा, घाटावरचा, भरघोस मिशांचा. पण अलीकडे त्या मिशांनीही मान टाकली होती. वर कडी म्हणजे फाटकावर नोटीस लागली: आवारात कामगारांनी घोळक्याने जमू नये. लोक भडकले. काम नाही, आणि जमायचंही नाही, तर मग करायचं काय, माश्या मारायच्या?

गुणाजी तेवढा नोटीस वाचून हसला होता.

“खंडेनवमी हाय की. मशीनीच्या पूजेला जमायला कोन नाय म्हनंल?”

गुणाजी बॉयलरवरचा जुना माणूस. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. सगळ्यांच्या वतीने त्याने देवापुढे बोलायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही, मग समोर पाटील असो की मॅनेजर.

नारळ वाढवायला हैबतरावांना बोलावणं गेलं. देवाचं काम, नाही कसं म्हणणार? ते आले, नारळ वाढवला आणि निघायला वळले, तोवर सगळे हात जोडून त्यांच्याभोवती उभे राहिले होते.

“मी काय म्हणायचं असतं?” त्यांनी गोविंदाला हळूच विचारलं.

“पटलं तर व्हय म्हाराजा म्हनायचं. नाय पटलं तर गप ऱ्हायचं. देवापुढं खोटी साक्ष चालत नाय, साहेब.”

गुणाजीने घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरं आज मशीनीपुढं हात जोडून उभी हायत...”

“व्हय म्हाराजा!”

“कंपनी विजेची, आन डोक्यावरचा पंखा बंद म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मुंबैची मानसं आमचं फोन उचलीत नायत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणून झालं आणि त्यामागून एकटाच एक शुद्ध आवाज आला, “होय महाराजा.” माना वळल्या. हैबतरावांनी डोळे मिटून घेतले होते.

गुणाजीला चेव चढला.

“आमचा साहेब आमाला बघून मागल्या फाटकानं पळतो म्हाराजा!”

आता मात्र सगळे चपापले. हैबतरावांचे कान लाल झाले.

“होय महाराजा,” ते म्हणाले.

शेडमध्ये असा हशा उसळला की बायजाबाईला तोंडात पदर कोंबावा लागला. हसता हसता गुणाजीच्या तोंडून पुढचं निघून गेलं. ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

“आन ही मशीन आता परत फिरायची नाय म्हाराजा...”

हसू जागीच थांबलं. या वाक्याला कुणीच साक्ष देईना. गुणाजी स्वतःच बावरला. गोविंदाने टर्बाइनवरचा हात काढला नाही.

“होय महाराजा,” हैबतराव म्हणाले. हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

गोविंदाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि लगेच, कितीतरी दिवसांनी, त्याला मोकळा श्वास घेता आला. साहेबांवरचा राग शोधायला गेला तर तो सापडेना.

गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नव्हतं. गुणाजीने डोळे पुसले आणि आवाज चढवला.

“तर म्हाराजा, आता जो जिथं जाईल तिथं त्याला यश दे. कुनाची चूल विझू देऊ नको. आन ह्या आमच्या साहेबालाबी कुठंतरी चिकटव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पत्रे दणाणले.

थोड्या वेळाने गोविंदा बाहेर जाऊन डोलवीच्या ठेकेदाराशी बोलत होता.

“येतो. दसरा झाला की लगेच येतो. आन ऐका, आनखी एक मानूस हाय.” त्याने मागे वळून पाहिलं. फाटकावरची नोटीस तशीच होती आणि तिच्यापुढे, कामगारांच्या घोळक्यात उकिडवे बसून, हैबतराव खोबऱ्याचे तुकडे करत होते. “नाय, फिटर नाय. मशीनीतलं काय येत नाय त्याला. पन खरं बोलतो.”