सातव्या दगडापाशी

नकाशावर त्या जमिनीला नऊ कोपरे होते आणि प्रत्येक कोपऱ्यावर हद्दीचा एक दगड. मोजणीदाराने दुपारपर्यंत सहा शोधून काढले. पहिले चार आपापल्या जागी होते. पाचवा आणि सहावा मात्र नकाशापेक्षा साठ-साठ पावलं आत आलेले. बुडाशी माती ताजी, गवताचं एक पातंही नाही.

"दगडांना पाय फुटले की काय?" सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे जमिनीच्या मालकीण. पस्तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केली, त्यामुळे सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. जंगलातला हा तेरा एकरांचा तुकडा वडिलांनी त्यांच्या नावावर केला होता. कागद चोख होते. पण दोन वर्षांपूर्वी शेजारची जमीन एका लाकूड कारखान्याने घेतली, आणि तेव्हापासून आपली झाडं कमी होताहेत असं त्यांना वाटत होतं. म्हणून मोजणीचा अर्ज.

मोजणीदार तसा भित्रा. कचेरीत कुणी आवाज चढवला तरी त्याच्या हातातलं पेन थरथरायचं. "तुम्ही सापालासुद्धा अहो-जाहो कराल," असं बायको म्हणायची.

सातव्या दगडाकडे जाताना करवतीचा आवाज ऐकू येत होता. तो एकदम थांबला. दोघं झाडीतून बाहेर आले तर समोर नुसती खोडं, आणि मधोमध सातवा दगड. त्यावर कारखान्याचा मुकादम बसला होता. मांडीवर करवतीची साखळी घेऊन तो एकेक दात कानशीने घासत होता. मागे चार माणसं उभी होती.

"या साहेब. पाणी घेणार?"

"नको," मोजणीदार म्हणाला.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? या वयात पाय घसरतो."

"माझी जमीन मोजायला आले," सिस्टर म्हणाल्या.

"मोजा की. हा तुमचा सातवा दगड. घ्या लिहून."

मोजणीदाराने नकाशा पाहिला. सातवा दगड खाली ओढ्याच्या काठी असायला हवा होता. "हा... इथला नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

त्याने नकाशाची घडी घातली.

"साडेचारच्या गाडीने जाणार होतात ना?" मुकादम आपुलकीने म्हणाला. "चार वाजले. रस्त्यापर्यंत तासभराची चाल. म्हणजे गाडी चुकलीच. आता आमच्याच जीपने जायचं." त्याने मान हलवली तशी दोन माणसं मागे जाऊन पायवाटेवर उभी राहिली.

मग त्याने मोजणीदाराच्या पिशवीतून पंचनाम्याचा कागद स्वतःच काढला. "नऊही दगड जागेवर मिळाले, मालकिणीला मान्य आहे, असं लिहा. गेल्या महिन्यात आमचा एक माणूस गेला, साहेब. झाड भलतीकडे पडलं. झाड थोडंच बघतं, खाली कोण आहे ते!"

मोजणीदाराची पाचावर धारण बसली. सकाळच्या घाईत कचेरीच्या फिरती रजिस्टरमध्ये नोंद करायची राहिली होती. आपण कुठे गेलोय हे कुणालाच माहीत नाही. शोधायला आले तरी कुठे येतील? तो मजकूर लिहू लागला, पण अक्षर ओळ सोडून पळत होतं.

सिस्टरनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "द्या ते पेन," त्या म्हणाल्या आणि सही केली. "यांना हृदयाचा त्रास आहे. लवकर पोचवा." त्याला असला काहीच त्रास नव्हता. त्याने त्यांच्या सहीखाली आपली सही केली.

दोघांना जीपमध्ये मागे बसवलं. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता गाडी आत वळणार. थांब्यावर उतरवताना मुकादम म्हणाला, "शाळेमागच्या गल्लीत राहता ना? दारापर्यंत सोडू?"

"नको, नको."

जीप गेली. सिस्टर बाकावर बसल्या. "फार भ्याले हो मी," त्या म्हणाल्या. "सही नसती केली तर तुम्हाला काहीतरी केलं असतं त्यांनी."

"पण तुमची जमीन?"



खरं तर तो सुटला होता. मालकिणीचीच मान्यता, त्याला कोण बोल लावणार? तरी तीन दिवस तो कागद त्याने टेबलाच्या खणातच ठेवला. बाहेर जीप थांबली की तो खण लावून घ्यायचा. चौथ्या दिवशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी उठून दाराची कडी लावली.

"आपलं घरही ठाऊक आहे त्यांना?"

"हो."

तिने कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग म्हणाली, "उद्या मी येते कचेरीत. तुमचा हात थरथरला तर मी लिहीन."

हात थरथरलाच. तो सांगत गेला, ती लिहीत गेली: चार दगड जागेवर, तीन सरकवलेले, दोन पाहिलेच नाहीत, पंचनामा भीतीपोटी केला.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. "चौकशी तुमच्यावरही लागेल. खोट्या पंचनाम्यावर सही तुमची आहे."

"ठाऊक आहे, साहेब."

"आणि ती माणसं?"

"त्यांचीच भीती वाटते," तो म्हणाला. "अर्ज घ्या."

दोन महिन्यांनी पोलीस बंदोबस्तात फेरमोजणी झाली. जागा दाखवायला त्यालाच जावं लागलं. मुकादम लांब उभा राहून हसत होता. सातवा दगड उपटून ओढ्याकाठी पुरला तेव्हा सिस्टरनी मोजणीदाराचा दंड घट्ट धरला होता. कोण कुणाला सावरत होतं, सांगता आलं नसतं. पाच एकरांवरची झाडं केव्हाच गेली होती. जमीन मात्र सिस्टरच्याच नावावर राहिली.

चौकशीत त्याला ठपका बसला आणि बदली झाली. नव्या गावात जंगल नाही. तरी कुलूप उघडण्याआधी तो अजून एकदा मागे वळून गल्ली बघून घेतो, आणि आत गेल्यावर बायको कडी ओढून पाहते.