बर्गंडीच्या बोटीतली जागा

सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये चंद्रशेखर नातीला फ्रान्स शिकवत होते. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण बर्गंडीचे कालवे पाहिले ते नकाशातच. आता सुट्टीत मुलगा प्रबोध तिथे बोट भाड्याने घेणार होता. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे आणि बोट चालवायची आपली आपण. बरोबर चंद्रशेखर, नात चैत्राली आणि त्याच्या ऑफिसातले सौमित्र आणि शैला.

प्लास्टिकच्या डब्यात पाणी भरून, पुठ्ठ्याची दारं लावून, कालव्यातली बोट चढ कशी चढते ते त्यांनी चैत्रालीला दाखवलं.

"दार मी उघडणार," ती म्हणाली. "आजोबा, तुम्ही कॅप्टन लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली सवय तिने शाळेतून उचलली होती.

मग एका संध्याकाळी बूट काढता काढता प्रबोध म्हणाला, "बाबा, तुमचा व्हिसा नाकारला. वयामुळे असेल."

चंद्रशेखरांनी उलट त्यालाच धीर दिला.

पुढच्या आठवड्यात इमारतीखालच्या बाकावर शेजारचे शिवदास भेटले. ते आणि त्यांची बायको सरला नुकतेच पॅरिसला जाऊन आले होते.

"नाकारला? ठसे देताना काही बोलले का, सर?"

"कसले ठसे?"

"बोटांचे. पहिल्यांदा जाणाऱ्याला स्वतः जाऊन द्यावेच लागतात. त्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही."

"असं होय," म्हणून चंद्रशेखर उठले. लिफ्टमध्ये आपला मजला दाबायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

प्रबोध स्वयंपाकघरात होता.

"माझा अर्ज केला होतास?"

त्याने फ्रिज उघडला, नुसताच बंद केला. "नाही."

"का रे?"

"तिथे रोज कुठल्या तरी मळ्यावर वाइन चाखायला जायचं, बाबा. तुमच्यासमोर ग्लास उचलवणार नाही मला. आणि एवढ्याशा बोटीत लपणार कुठे?"

"जेवण झालं की मी खोलीत जाऊन दार लावतो, ते काय झोप येते म्हणून? तू पितोस हे मला केव्हाचं ठाऊक आहे. तुला अवघडायला नको, म्हणून जातो."

"तुमचा मान ठेवायचा म्हणूनच..."

"स्पष्ट सांगितलं असतंस तर मी हसत घरी राहिलो असतो. फ्रान्सला आपण नको आहोत, अशी मी मनाची समजूत घातली होती. नको होतो ते तुला."

"चैत्रालीला व्हिसाचंच सांगा. प्लीज, बाबा."

तेवढ्यात ती आलीच. "आजोबा, व्हिसा परत मागता येतो ना? ट्राय अगेन लाह."

शाळेत मुलं प्रश्न विचारत तेव्हाचा जुना मऊ आवाज चंद्रशेखरांनी कसाबसा गोळा केला.

"प्रश्न चांगला आहे, बाळा. पण याचं उत्तर तुझ्या बाबाला येतं. त्याला विचार."

आणि खुर्ची ओढून ते मुलासमोर बसले. उत्तर येईपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून.