बिनखोळीची बीअर

"लाव पैज," लायल म्हणाला. "फोमची खोळ न घालता माझ्या हातातला कॅन तुझ्या कॅनपेक्षा जास्त वेळ गार राहील."

शनिवारची दुपार, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गावचा, हिरवळीवर गोळे घरंगळवायचा बोल्स क्लब, बाहेर कातडी सोलणारं ऊन. असल्या उन्हात बीअरच्या कॅनला गारवा राखणारी खोळ न घालणारा माणूस आमच्याकडे एकतर परगावचा, नाहीतर खुळा. लायल दोन्हीत बसत नव्हता. माझा शेजारी, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला. हिवाळ्यात त्याची चारचाकी बाईक उलटून डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण डावा हात तेव्हापासून गारच. त्या गारव्याचा त्याला भलता अभिमान. स्वतःची खोळ त्याने कधीच कुणाला देऊन टाकली होती.

"आणि हरलास तर?" मी विचारलं.

"नोलीनचा पोहायचा ड्रेस घालून हिरवळीला तीन फेऱ्या. तू हरलास तर तू."

"गुलाबी देईन," त्याची बायको नोलीन माझ्याकडे बघत म्हणाली. "केवच्या ढेरीवर फाटला तरी दुःख नाही."

दोघांनी डाव्या हातात कॅन धरले. बारवालीने मटण भाजताना खुपसतात ती तापमानाची सळई आणली. बऱ्याच वेळाने तपासलं तर माझ्या कॅनमध्ये चहा, लायलची बीअर नुकती फ्रीजमधून काढल्यासारखी.

हरलो. उमदेपणाने मी त्याचा डावा हात जिंकलेल्या पहिलवानासारखा वर उचलला. लायल कळवळला. बोटं पांढरीफटक पडली.

पलीकडच्या टेबलावर गावची नर्स ग्लेनिस पत्ते खेळत होती. ती उठून आली. त्याचं डावं मनगट धरलं, मग उजवं, मग परत डावं.

"काय गं, लग्नाची मागणी घालतेस का?" लायल म्हणाला.

"या हाताला नाडी लागत नाहीये, लायल."

माझ्या जिभेवर एक झकास विनोद आला होता. मी तो गिळला. इतके महिने आम्ही ज्या गारव्यावर टाळ्या देत होतो ती गंमत नव्हतीच.

ॲडलेड शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना चित्र काढून दाखवलं. मोडलेल्या हाडाने खालची मोठी रक्तवाहिनी जखमी केली होती. एका जागी ती फुग्यासारखी फुगली होती, पुढे वाट चिंचोळी. तिथे साकळलेली रक्ताची गाठ सुटून पुढे सरकली तर हात गमवायची पाळी.

"हात राहील का?" लायलने एवढंच विचारलं.

कातरताना लोकांना उजवा हात दिसतो, कारण यंत्र त्यात असतं. पण मेंढीचं कातडं ताणून धरतो तो डावा. तो गेला की कातरणारा संपला.

"छाती उघडायला नको," बाई म्हणाल्या. "जांघेतून बारीक नळी वर नेऊ आणि त्या जागी आतून जाळीचं अस्तर बसवू."

लायलने विचार केला. "म्हणजे खोळ."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना क्लब, ऊन, बीअर सगळं समजावलं.

"हो," त्या म्हणाल्या. "खोळच. फक्त आतून."

ऑपरेशनला तो आत गेला. आम्ही बाहेर खुर्च्यांवर.

"केव, काहीतरी बरळ ना," नोलीन म्हणाली. "तू गप्प बसलास की मला भीती वाटते."

मी बरळलो. काय ते आठवत नाही. ती हसली मात्र नाही.

मग आम्हाला बोलावलं. लायल पडल्या पडल्या जागा होता. जांघेवर एक चिकटपट्टी, बस्स. त्याने डावा हात पुढे केला. नोलीनने तो गालाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"चांगला ऊबदार लागतोय," ती म्हणाली. "आता झोपेत माझ्या पाठीला लावलास तर लाथ नाही घालणार."

मला वाटलं होतं, या धांदलीत पैज विसरली जाईल. कसली विसरतात. ऑपरेशननंतर लायल पहिल्यांदा क्लबात आला त्या शनिवारी गाव लोटलं होतं. दारातच नोलीनने गुलाबी ड्रेस माझ्या हातात दिला.

कपडे बदलून आलो तशी शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. ग्लेनिसने पत्त्यांनी तोंड झाकलं. मी माझा नवा कॅन लायलच्या डाव्या हातात दिला. "सांभाळ."

मग पळालो. ढेरी पुढे, मी मागे. दुसऱ्या फेरीत पाठीची शिवण गेली. तिसरी मी चालतच काढली.

धापा टाकत परत आलो तर लायल कॅन डाव्या हाताने डोक्यावर उंच धरून उभा. मी घेतला, तोंडाला लावला. त्याच्या हातात बीअर पार कोमट झाली होती. आमच्या क्लबात असली बीअर कुंडीत ओततात.

मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.