मोगऱ्याचा गूळ

शरदचंद्र गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, अरुंधतीबाईंनी, सगळ्या अस्थी नर्मदेत सोडल्या नाहीत. मूठभर मागे ठेवल्या आणि गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत घातल्या. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या त्या घरात आता त्या आणि मोगरा अशी दोघंच उरली.

मोगऱ्याला त्या रोज गुळाचं पाणी घालायच्या. याच बाईंनी तीस वर्षं नवऱ्याच्या शुगरवर पहारा केला होता, गुळाचा डबा कपाटात कुलपात ठेवला होता. शरदचंद्रही काही कमी नव्हते. बायकोच्या केसांतल्या आकड्याने कुलूप उघडायचे आणि मिशीला गूळ लागलेला असतानाही साफ नाही म्हणायचे. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मात्र त्यांनी बाईंचं मनगट धरून जिलबीचा एक तुकडा मागितला. बाई नको म्हणाल्या. ते नको म्हणणं बाईंना अजून खात होतं.

मोगऱ्याची पानं पिवळी पडली तेव्हा त्यांनी नर्सरीवाल्या परेशला बोलावलं. त्याने माती हुंगली.

"काकूजी, रोज देता? अहो, गूळ झाडाला नाही, मातीतल्या जिवांना लागतो. पंधरा दिवसांत एकदा, बस. जड़, म्हणजे मूळ, सडायला लागलं आहे. एकदम बंद करा, नाही तर हे गेलंच समजा."

हे जाऊन चालणार नव्हतं. बाईंनी डबा पुन्हा कुलपात टाकला आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांना फोडणी घालताना मुंग्या दिसल्या. रांग गच्चीवरून जिना उतरून थेट कपाटाशी आली होती. कुलूप उघडं होतं. किल्ली गळ्यातच होती. डब्यातली ढेप एका बाजूने कुरतडलेली.

बाईंनी गॅस बंद केला. वर जाऊन त्यांनी कुंडीतली माती उकरली. चार बोटं खाली त्यांचाच आकडा लागला, वाकवलेला, गुळाने चिकट.

"अहो," त्या कुंडीवर वाकून म्हणाल्या, "परत मराल ना!"

वारा पडलेला होता. तरी एक फांदी हळूहळू वाकली आणि त्यांच्या मनगटाला धरून राहिली.

बाईंना भीती वाटत होती, आणि हात काढून घ्यावासाही वाटत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो हलकेच सोडवला, खालून डबा आणला आणि उरलेली सगळी ढेप कुंडीत कुस्करली.

"चोरून नका खाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं खा."