आजोबांसाठी रदबदली

उंबरठ्यावर करवत खरखरली तशी सात वर्षांची नुवामाना आजोबांच्या पाठीमागे दडली. दारात सोयोको उभी होती, वात्रट पोरांना खाणारी राक्षसीण. काळं तोंड, बटबटीत डोळे, पाठीवर पोरं घालून न्यायची टोपली. आठवड्यापूर्वी हिनंच येऊन नुवामानाला मका दळून ठेवायला बजावलं होतं.

लेकीनं दळलेल्या पिठाची परडी डेल्फीननं पुढे केली.

"पीठ नको," सोयोको गरजली. "पोरगी दे. उन्हं वर येईस्तोवर लोळते. तुला उलटून बोलते."

"बाबा, बोला ना काहीतरी," डेल्फीन कुजबुजली.

दरवर्षी मुखवट्यांत दारी येणाऱ्या या काचिना दैवतांशी घरच्या पोरांसाठी भांडायचं काम आजीचं, एडनाचं. शेजारणी गच्चीवरून ऐकायला जमत. कापणीच्या दिवसांत ती वारली, आणि हे काम आजोबांवर, विल्मरवर आलं. त्याला बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"पोरगी गुणाची आहे," तो म्हणाला. "दळते. पाणी आणते."

"एवढंच?" सोयोकोनं करवत त्याच्याकडे वळवली. "आणि तू रे? कणसं शेतात वाळून गेली, कावळ्यांनी खाल्ली. दिवसभर भिंतीला टेकून बसतोस. चल, तूच चल टोपलीत."

बाहेर कुणीतरी हसलं. विल्मरनं मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

पाठीमागून त्याचा सदरा धरलेली मूठ सुटली. नुवामाना पुढे येऊन उभी राहिली.

"त्यांना नका नेऊ. चिवट आहेत. दात पडतील तुमचे."

गच्चीवर हशा पिकला. सोयोको हसली नाही.

"मग याचा उपयोग काय?"

"ते मला शिकवतात. तुम्ही सगळे त्या बर्फाच्या डोंगरावरून येता, पाऊस आणता. आमची मनं वाईट असली तर तो येत नाही. कोण कुठलं गाणं घेऊन येतं, तेही मला येतं. म्हणून दाखवू? त्यांना नेलंत तर पुढचं कोण शिकवणार? तुम्ही?"

एडनासारखेच कमरेवरचे हात, तिच्यासारखीच वर केलेली हनुवटी. विल्मरची पाठ आपोआप ताठ झाली.

"उद्यापासून मी लवकर उठेन," ती म्हणाली. "त्यांनाही उठवेन. शेतावर नेईन. आता हे पीठ घ्या आणि जा."

सोयोकोनं पीठ घेतलं, वर मांसाचा तुकडा मागून घेतला, आणि करवत ओढत पुढच्या घराकडे निघाली.

"कुणाची नात आहे!" विल्मर दारातून गच्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाला.

शेताचं सोयोकोला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. डेल्फीन चुलीकडे तोंड करून उगाच लाकडं सारत होती.

"डेल्फीन," तो म्हणाला, "तुझ्या आईनं निळ्या मक्याचं बियाणं कुठं ठेवलंय गं?"