छापलेली बाजू खाली

मित्रांनो, सास्तूरला बिभीषण आबांच्या गोठ्यापुढं बांबूंवर जे पांढरं कापड ताणून बांधलंय, ते मी. लांबून तुम्हाला ताडपत्री वाटेल. मी ताडपत्री नाही, मी एक जुना फ्लेक्स आहे. वय म्हणाल तर सव्वा वर्ष. पण आमच्यातले वाढदिवसाचे फ्लेक्स तिसऱ्या दिवशी उतरतात, त्या हिशेबानं मी चांगलाच म्हातारा झालोय. माझी पाठ आभाळाकडं आहे आणि छापलेली बाजू खाली, म्हशींकडं. असं का, ते सांगतो.

माझा जन्म लोहाऱ्याला सिद्धलिंगच्या दुकानात झाला. मे महिन्याचं ऊन होतं. मशीन माझ्या अंगावरून इकडून तिकडं फिरत होतं आणि मी ओळीओळीनं रंगत होतो. शेजारी एका भावी सरपंचाचा फ्लेक्स वाळत होता, गॉगल लावलेला आणि फोन कानाला धरलेला. त्याच्यापुढं मी अगदीच साधा, कारण माझ्या अंगावर फोटो एवढासा आणि बाकी सगळी इंग्रजी अक्षरं.

तसं छापायचा हट्ट आबांचा. त्यांची लेक राजेश्वरी पुण्याला कंपनीत नोकरीला होती. तिला आयर्लंडमधल्या एका बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता. आबांनी पिशवीतून दोन छापील पानं काढून सिद्धलिंगपुढं ठेवली. राजेश्वरी दिवाळीला आली तेव्हा घरी विसरली होती ती. गजराबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, ती देव्हाऱ्यात जपून ठेवली होती.

"फोटो बारका टाका," आबा म्हणाले. "हे मोठं टाका."

"आबा, इंग्रजी दोन पानं चौकात कोण वाचतंय?"

"कुनी वाचो न्हायतर न वाचो. ह्या दोन पानांवर माझ्या लेकीला घेतलं तिथं. तिनंच सांगितलं मला. मग दिसू द्या की गावाला."

दिवसाला वीस फ्लेक्स काढणारा माणूस वाचत बसत नाही. सिद्धलिंगनं पानं मशीनला लावली आणि मला कड्या ठोकल्या. आबांनी मला मोटारसायकलवर मांडीपुढं आडवं धरून गावात आणलं. वाटेत दोनदा थांबून मी चुरगळलो तर नाही ना ते बघितलं. एवढ्या काळजीनं मला नंतर कुणी धरलं नाही.

त्याआधीची हकिकत मला गोठ्यात आल्यावर कळली. गजराबाई धार काढताना म्हशीशी बोलतात. माणसांशी बोलता येत नाही ते सगळं म्हशीला सांगतात, आणि मी वरून ऐकतो.

राजेश्वरीला परदेशी शिकायचं होतं आणि अर्जाबरोबर स्वतःबद्दल दोन पानं लिहून पाठवावी लागतात, त्याला मदत करणारा एक कन्सल्टंट निवडायचा होता. आता आबा कन्सल्टंट कशाला म्हणतात ते जाणत नव्हते, पण निवडणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणी जाणत नव्हतं. बैल घ्यायचा असला की लोक आधी आबांना विचारतात. ते लेकीला म्हणाले, "बाजारात बैल धुतलेला असतो, शिंगं रंगवलेली असत्यात. तितं काय कळत न्हाय. जुन्या मालकाच्या वावरात जाऊन इचारायचं. ह्या मानसानं आधी ज्यांची कामं केली त्यांची घरं दाव मला."

तिच्या यादीत दोन नावं होती. एक सोलापूरचे शिवानंद सर, बँकेतून निवृत्त झालेले. वह्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत बसायचे. दुसरे पुण्याचे कृष्णराज सर. काचेचं ऑफिस, भिंतीवर शंभर पोरापोरींचे हसरे फोटो. आबांनी दोघांकडं पत्ते मागितले. पुण्याहून उत्तर आलं की अशी माहिती आम्ही देत नाही. शिवानंद सरांनी तीन पत्ते दिले, त्यातला एक जवळच माकणीचा.

आबा गेले माकणीला. तिथल्या मुलीची आई म्हणाली, "लिहून देत न्हाय तो मानूस. नुसतं इचारतो. पोरगी चारदा रडली बघा. पर त्याचा एक नेम हाय. ज्याचं नाव त्या लिखानात येतंय, त्याला पाठवायच्या आधी वाचून दावायचं. आमी समद्यांनी बसून ऐकलं. मग पाठवलं."

आबा खूश होऊन परतले. हाच, म्हणाले.

पण शिवानंद सरांनी राजेश्वरीचा पहिला मसुदा वाचून तिला सांगितलं होतं, की यात मार्क आहेत, नोकरी आहे, तू नाहीस. वर्षभर थांब. वर्षभर थांबायला तिला जमणार नव्हतं. बरोबरीच्या मुली निघाल्या होत्या. शिवाय, मित्रांनो, काचेच्या ऑफिसात बसलं की आपणही काचेसारखे लखलखीत होऊ असं माणसाला वाटतं. तिनं पुण्याचे सर निवडले. आबा एवढंच म्हणाले, "तुला कळतंय माझ्यापरास."

मी चौकात चढलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भूकंपानंतर नव्यानं आखलेल्या गावाचे रस्ते सरळ आहेत. मी पार लांबून दिसायचो. येणारा-जाणारा मान वर करायचा. बैलगाडी थांबवून एक म्हातारा म्हणाला, "एवढं समदं पोरीनं लिवलं?" माझी छाती फुगली. वारा होता, पण मी म्हणेन की छातीच फुगली.

रविवारी माझ्यासमोर सत्काराचा कार्यक्रम झाला. राजेश्वरीची बस उशिरा आली. ती चौकात उतरली तेव्हा माईकवर तिचे शाळेतले इंग्रजीचे कुमार सर उभे होते आणि आबा त्यांना सांगत होते, "सर, लेकीनं काय लिहिलंय ते जरा मराठीत सांगा समद्यांना."

कुमार सर माझ्याकडं वळले. वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. लोक वाट बघत होते. मग सर लोकांकडं वळले आणि सावकाश बोलू लागले.

"राजेश्वरी लिहिते, माझ्या वडलांना इंग्रजी येत नाही. पण मी शाळेत असताना संध्याकाळी पाठांतर म्हणायची, तेव्हा ते माझं पुस्तक हातात धरून समोर बसायचे. कधी कधी पुस्तक उलटं असायचं. तरी माझी चूक झाली की ते बरोबर सांगायचे, अडखळलीस. मी विचारलं, आबा, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, मी पुस्तकाकडं कुठं बघतो, तुझ्याकडं बघतो."

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. टाळ्या पडल्या. राजेश्वरी गर्दीच्या मागं बॅग हातात धरून उभी होती. तिचा चेहरा मला वरून स्वच्छ दिसत होता. सत्काराला आलेल्या मुलीचा चेहरा तसा नसतो. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल.

दुसऱ्या दिवशी ती आबांना म्हणाली, "आबा, हा फ्लेक्स उतरवा ना. वाऱ्यानं कुणाच्या अंगावर पडेल."

"ऱ्हाऊ दे. म्या दोऱ्या आवळल्यात."

ऑगस्टमध्ये ती परदेशी गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा चौकातल्या हॉटेलात चहा पीत होते. त्यांच्या भावकीतल्या शिवशरणनं नवा मोबाईल घेतला होता. इंग्रजीपुढं धरला की पडद्यावर मराठी दिसतं, हे तो सगळ्यांना दाखवत होता. बिस्किटाच्या पुड्यावर झालं, औषधाच्या बाटलीवर झालं, मग त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला आणि हसत हसत मोठ्यानं वाचू लागला.

"माझे वडील दारुडे होते. त्यांनी माझी पुस्तके चुलीत घातली. सोळाव्या वर्षी ते माझे लग्न लावून देणार होते. मी घरातून पळाले."

शिवशरणचं हसू पुढं पुढं बारीक होत गेलं आणि तो थांबला. ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, त्याच्याकडं सगळं हॉटेल बघत होतं. आबांनी कप खाली ठेवला. "मोबाईलचं काय खरं न्हाय," म्हणाले.

तिथून ते कुमार सरांना घेऊन माझ्यापाशी आले. "सर, तुमी वाचलं ते खरं, का ह्या मोबाईलनं वाचलं ते?"

सर म्हणाले, "आबा, मी सांगितलं ते घडलेलं आहे, तिनं शाळेत माझ्याकडं निबंधात लिहिलं होतं. मोबाईलनं सांगितलं ते लिहिलेलं आहे."

"बरं," आबा म्हणाले. "मग ह्यात बाप कुठं कुठं लिहिलाय, तेवढं दावा मला."

सरांनी पाच ठिकाणी बोट ठेवलं. आबांनी ती पाचही ठिकाणं नीट बघून घेतली. मग भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, एकेक दोरी सोडून मला उतरवलं. मारुतीच्या पारावरून कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "फाटाय लागलाय."

मी कुठंच फाटलो नव्हतो. घरी त्यांनी मला गोठ्यापुढं बांधलं आणि छापलेली बाजू खाली घेतली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला माझ्यावरची अक्षरं दिसू नयेत. गजराबाईंनी काही विचारलं नाही. त्यांना पिठाच्या गिरणीवर कळलं होतं. आबांना वाटायचं, तिला ठाऊक नाही. गजराबाईंना वाटायचं, आपल्याला ठाऊक आहे हे आबांना कळू नये. वर्षभर दोघंही हे झाकत राहिले. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. आबा विचारायचे, जेवलीस का, थंडी किती आहे. बाकी काही नाही.

पण रोज सकाळी म्हशींना चारा टाकला की ते मान वर करायचे आणि माझ्याकडं बघायचे. त्या पाच ठिकाणी. मित्रांनो, माझ्यावर कावळे बसले, गारा पडल्या, ते सगळं मी सोसलं. ते बघणं मात्र मला सोसेना. मी कापडच, मला ती अक्षरं पुसून टाकता येत नव्हती. ऊन पाठीवर पडायचं, त्यामुळं छपाई फिकीसुद्धा झाली नाही.

यंदा जुलैत राजेश्वरी सुट्टीला आली. आईनं सांगितलं, आबा गोठ्यात आहेत. ती आत आली, वाकून पाया पडली, उभी राहिली आणि तिची नजर वर गेली.

ती खालीच बसली. पेंडीच्या पोत्यावर.

"आबा, तुम्हाला कळलं?"

"पोळ्यालाच कळलं."

"वर्ष झालं. फोनवर बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

मग ती सगळं बोलली. पुण्याच्या सरांना तिनं पहिल्यांदा खरं तेच सांगितलं होतं. आबा पुस्तक उलटं धरायचे, तेसुद्धा. सर म्हणाले होते, चांगलं आहे, पण यात दुःख कमी पडतंय. तुझ्यासारख्या हजार मुली अर्ज करतात. त्यांनी लिहून दिलं आणि तिनं पाठवलं. "सोलापूरच्या सरांचा नेम मला ठाऊक होता, आबा. वाचून दाखवायचा. म्हणूनच मी तिकडं गेले नाही की काय, असं आता वाटतं. तिथं सगळे विचारतात, तुझे वडील आता कसे आहेत. मी सांगते, आता पीत नाहीत."

आबा म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होते. तो हात थांबला.

"आपलं खरं कमी पडलं व्हय गं?"



मग आबा तिच्यासमोर उकिडवे बसले, जसे पूर्वी पुस्तक घेऊन बसायचे. हात रिकामेच होते. "वाच," म्हणाले. "माझ्याम्होरं तुला वाचायचं ऱ्हायलंय ते."

"नको ना, आबा."

"वाच. मला ऐकायचंय."

तिनं मान वर केली आणि इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता. पहिली ओळ अर्धी झाली. पुढं तो शब्द होता, ज्याच्यावर कुमार सरांनी पहिलं बोट ठेवलं होतं. तिच्या ओठांवर तो आला आणि तिथंच राहिला. आबा माझ्याकडं बघत नव्हते. तिच्याकडं बघत होते.

"अडखळलीस," आबा म्हणाले.

ती रडू लागली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. ती म्हणाली, मी आत्ता हा काढते आणि जाळून टाकते. आबा उठले. "पावसाळा हाय," म्हणाले. "म्हशी भिजतील." आणि पाण्याची बादली घेऊन बाहेर गेले.

पंधरा दिवसांनी ती परत गेली. जाताना तिनं मला खालून हात लावला. मी अजून इथंच आहे. माझी एक कडी तुटली आहे, कोपरा फडफडतो. एखाद्या पावसाळ्यात मी जाईन, आणि माझ्याबरोबर ती पाच ठिकाणंही जातील. मला त्याचं वाईट वाटणार नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुम्हालाही कधीतरी कुठल्या तरी मोठ्या दारात आपल्या घराबद्दल लिहावं लागेल. ज्याच्याबद्दल लिहाल, त्याला आधी समोर बसवा आणि वाचून दाखवा. त्याला ती भाषा येत नसली तरी चालेल. तो तुमच्याकडं बघेल.

आबांनी आज सकाळी चारा टाकला. मान वर केली नाही. कालही केली नव्हती. त्यांना आता ती ठिकाणं पाठ झाली आहेत.